लेंड्यांचा हिशेब

सशाला लस टोचायला पाच सेकंद लागतात. पुढचे दोन दिवस मात्र मी जमिनीवर ओणवा असतो.

इंग्लंडात ससा पाळला की यातून सुटका नाही. ‘आमचे ससे चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांना कुठून रोग होणार?’ असं म्हणून मलाही चालढकल करायला आवडलं असतं. पण १९५३ साली या देशात घुसलेला मिक्सोमॅटोसिस हा सशांचा जीवघेणा रोग पिसवा आणि डासांवरून येतो, आणि डासाला मजले मोजता येत नाहीत. दुसरा रोग रक्तस्रावी, म्हणजे अंगात आतल्या आत रक्त वाहवणारा; त्याचं इंग्रजी लघुरूप आरएचडी. तो आपल्या बुटाच्या तळव्याला चिकटूनसुद्धा घरात शिरतो. त्याच्या विषाणूचा दुसरा अवतार २०१० मध्ये फ्रान्सात सापडला. ‘नोबिव्हॅक मिक्सो-आरएचडी प्लस’ची एक सुई या तिघांवर चालते. पिल्लू पाच आठवड्यांचं झालं की द्यायची, मग दरवर्षी. टोचल्यावर अंगात रोगाशी लढायचं बळ यायला तीन आठवडे लागतात, म्हणून डास यायच्या आत उरकलेली बरी.

दवाखान्यात उपाशीपोटी नेऊ नका. सशाला उलटी होतच नाही, तेव्हा पोट रिकामं ठेवण्यात काही अर्थ नाही. उलट आतडं थंडावतं. पिंजरा वरून उघडणारा हवा, नाहीतर दारातून ओढताना आपणच ओरबाडून निघतो. तळाशी टॉवेल, वर मूठभर सुकं गवत. जोडी असेल तर दोघांनाही न्या. एकटा गेलेला ससा दवाखान्याचा वास घेऊन परततो आणि जोडीदार त्याला परका समजून कान फोडतो. तिथे पिंजरा खुर्चीवर, झाकून. समोर लॅब्राडोर बसलेला असतो, आणि आपला प्राणी ‘आभाळ पडलं’वाल्याच्या कुळातला.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कान हे हँडल नव्हे. मागचे पाय मोकळे सुटले तर लाथ मारताना तो स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. उताणा केल्यावर गप्प पडतो ती शांती नसते, भीतीने गोठलेला असतो.

सुई मानेमागच्या सैल कातडीखाली. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच थांबा; अंगावर रिॲक्शन क्वचित येते, पण आली तर लगेच येते. घरी आल्यावर थोडी सुस्ती, एक-दोन अंशांचा ताप, सुईच्या जागी दोन सेंटिमीटरपर्यंतची न दुखणारी गाठ. ती तीन आठवड्यांत जिरते. रोज दाबून पाहू नका, मला माहीत आहे तुम्ही पाहणार.

खरी परीक्षा लेंड्यांची. ससा दुखणं लपवतो, लेंड्या लपवत नाहीत. हरभऱ्याएवढी, कोरडी, दाबली की गवताचा भुगा होणारी लेंडी म्हणजे सगळं ठीक. मिऱ्यासारखी बारीक, काळी, टणक, म्हणजे आतडं मंदावलंय. पहाटे द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ गोळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या त्याने स्वतःच परत खायच्या असतात. कोथिंबिरीची काडी पुढे करा. ती नाकारली, पाठ कुबडी करून दात करकरा वाजवू लागला, कान थंड पडले, तर घड्याळाकडे न बघता व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन लावा. ही लक्षणं नसली तरी दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद म्हणजे आणीबाणीच. आपल्या कपाटातली वेदनाशामक गोळी मुळीच नको, आणि पोट फुगलेलं असेल तर सिरिंजने भरवणंही नको.

रात्री दोनला टॉर्च घेऊन मोजलेला ढीग झाडून टाकण्याआधी त्याचा फोटो काढा. सकाळी व्हेट विचारतो, ‘किती?’ आणि ‘बऱ्याच’ हे उत्तर त्याला चालत नाही.