पत्रे नवे अन् उजेडाचा फायबर तोच जुना!

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात पत्रे बदलायची घाई सुटते. मृगाच्या आत घर झाकायचं असतं, ते समजतं. पण नवेकोरे रंगीत पत्रे चढवून मधला उजेडाचा फायबर, म्हणजे घरात उजेड यावा म्हणून छपरात बसवलेला फायबरचा पत्रा, जुनाच ठोकायचा, हे कुठलं शहाणपण? "चांगला आहे ना भाऊ, कशाला खर्च करता?" म्हणे मिस्त्री!

काय चांगलं आहे त्यात? हात फिरवून बघा. वरचा थर उन्हाने कधीच गेलेला असतो, काचेचे धागे उघडे पडून तळहातात कुसळासारखे रुततात.

आणि तो बसणार कसा? जुना फायबर जुन्या नालीदार पत्र्याच्या मापाचा, त्याची एक नळी साधारण 3 इंचांची. नव्या रंगीत पत्र्याचे चौकोनी उंचवटे त्याच्या दुपटीहून जास्त अंतरावर. दोघांचा मेळच नाही. मग फटीत कोंबा डांबर, फासा सिलिकॉन! तेही आंबट वासाचं, स्वस्तातलं. त्यातलं आम्ल पत्र्यावरचं जस्त खातं आणि तिथूनच गंज धरतो. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, ते मागायला काय होतं?

सगळ्यात चीड येते ती जोडाची. फायबरचं वरचं टोक वरच्या पत्र्याच्या खाली किमान 6 इंच गेलं पाहिजे आणि खालचं टोक खालच्या पत्र्याच्या वर आलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट. पण पत्रे आधी आवळून टाकतात आणि फायबर शेवटी वरून ठेवतात. वरून येणारं पाणी मग सरळ त्याच्या खाली शिरतं. पहिल्याच पावसात गळतं आणि बोल लागतो नव्या पत्र्याला.

घ्यायचाच तर नव्या पत्र्याच्याच घडीचा, म्हणजे त्याच मापाच्या उंचवट्यांचा, पॉलिकार्बोनेट (उजेड येऊ देणारं टणक प्लॅस्टिक) पत्रा घ्या, पत्र्यांच्याच ऑर्डरमध्ये. ऊन रोखणारी बाजू वर ठेवा. ती कुठली हे त्यावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापलेलं असतं, म्हणून बसवायच्या आधी फिल्म फाडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला की 10 फुटी पॉलिकार्बोनेट जवळजवळ 8 मिलिमीटर वाढतं, लोखंड दीड मिलिमीटरही नाही. म्हणून 6 मिलिमीटरच्या स्क्रूला 10 चं भोक पाडा, रुंद रबरी वायसर घाला आणि बेताने आवळा. इथे मात्र मशीन लावून करकचून आवळतात, की भोकापासून तडा गेलाच.

जुना फायबर उतरवताना तर माणसाच्या जिवाशी खेळ चालतो. धूळ बसून तो पत्र्यासारखाच दिसतो, पाय पडला की माणूस थेट खाली फरशीवर. निदान दोन आडव्या पाइपांवर टेकेल अशी जाड फळी टाका, वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि खालची खोली रिकामी करा. फळी आणि दोर आल्याशिवाय कुणाला वर चढू देऊ नका.