खर्जाचे बारा वाजले

बास गिटार वाजवणाऱ्याकडे मैफिलीत कोणाचे लक्ष नसते, आणि कालांतराने त्याला त्याची सवयही होते. गाणे संपल्यावर लोक गायकाचे कौतुक करतात, गिटारवाल्याला नाव विचारतात, आणि आमच्यापाशी येऊन काळजीच्या स्वरात म्हणतात, "तुमच्या दोन तारा तुटल्या का हो?" अशा माणसाने आपल्या पायाशी असलेल्या, वाद्याचा आवाज बदलणाऱ्या इफेक्ट पेडलची चित्रफीत करून ती लोकांनी मन लावून ऐकावी अशी अपेक्षा धरणे हे धाडस होते, आणि ते मी केले.

त्याचे कारण साधे होते. मला एक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाडणारे पेडल, घ्यायचा होता, म्हणून मी त्याच्या अकरा चित्रफिती पाहिल्या. त्या पाहून वाजवणाऱ्यांच्या खोलीतल्या सतरंज्यांचे रंग मला पाठ झाले. पेडलविषयी मात्र काहीच कळले नाही. बहुतेकांनी नमनालाच घडाभर तेल घातले होते, आणि उरलेल्या वेळात ते गळ्याकडून इतके खाली सरकून, इतक्या वरच्या पट्टीत आणि इतक्या वेगाने वाजवत होते, की बास आपण गिटार असल्याचे सिद्ध करण्यासाठी अर्ज करत आहे असे वाटावे. माझे प्रश्न दोनच होते: पेडल चालू केल्यावर सर्वांत जाड तारेचा खर्ज शिल्लक राहतो का, आणि ड्रम व गिटार सुरू झाल्यावर बास ऐकू येतो का? तीन मिनिटांत ह्यांची उत्तरे देणारी चित्रफीत आपणच करावी, त्यात अवघड ते काय, असे मला वाटले.

पहिल्या दिवशी पेडल बंद ठेवून आठ मात्रा वाजवल्या, मग ते चालू करून त्याच आठ मात्रा वाजवल्या, आणि दुसरा तुकडा ऐकून अक्षरशः डोळ्यांत पाणी आले. एवढा भरदार, एवढा उबदार आवाज! नंतर मीटर पाहिले, तेव्हा लक्षात आले की चालू पेडलचा आवाज 3 डेसिबलने मोठा होता. माणसाचा कान हळू आवाजात खालच्या वारंवारतांकडे दुर्लक्ष करतो आणि आवाज वाढला की त्यांच्यावर एकदम प्रेम करू लागतो. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन ध्वनिसंशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून मांडलेले आहे, आणि तेव्हापासून ते विसरण्याचे काम आम्ही पेडलवाले इमानेइतबारे करत आहोत. पातळी जुळवल्यावर भरदारपणा निम्मा गेला आणि ऊब जवळजवळ सगळीच गेली. उपयुक्त चित्रफितीची पहिली अट अशी की ती केल्यावर करणाऱ्याला आपल्या खरेदीचा पश्चात्ताप व्हावा.

खरे घोडे पेंड खाते ते मोबाइलपाशी. बासची मोकळी जाड तार 41 हर्ट्झला वाजते आणि सर्वांत बारीक तार 98 हर्ट्झला. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ह्यांतले काहीही झेपत नाही. तो वाजवतो ते वरचे उपस्वर, म्हणजे 41 च्या पटीतले 82, 123, 164 आणि त्यापुढचे; तेही खालून सुरुवात करून नव्हे, तर त्याला परवडेल तिथून. मूळ स्वर ऐकणाऱ्याचा मेंदू पदरमोड करून पुरवतो. आता ओव्हरड्राइव्हचे काम उपस्वर वाढवण्याचेच असल्यामुळे ते पेडल चालू होताच मोबाइलवर बास एकदम जिवंत होतो. प्रत्यक्ष मोठ्या स्पीकरवर त्याच क्षणी खर्ज गायब झालेला असू शकतो. म्हणजे मोबाइलवर ऐकणाऱ्याला मी जे दाखवतो, त्याच्या नेमका उलट निष्कर्ष तो काढतो, आणि माझे आभारही मानतो.

खर्ज गायब होण्यात पेडलचा तसा अपराध नसतो. आयबानेझ कंपनीचा ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह घ्या. गिटारसाठी तो उत्तम, कारण त्यातला आवाज फाडणारा टप्पा साधारण 720 हर्ट्झच्या खाली हळूहळू हात आखडता घेतो आणि गिटारचा चिखल होत नाही. पण बासच्या चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर 100 हर्ट्झच्याही आत आहेत. हात आखडायचाच म्हटले तर आमच्या वाट्याला काय उरणार? म्हणून बाससाठी केलेल्या अनेक पेडलांवर ब्लेंडचा नॉब असतो, जो मूळ स्वच्छ आवाज फाटलेल्या आवाजात मिसळतो. चित्रफितीत दाखवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ती हीच: ब्लेंड शून्यावर, मध्यावर आणि पूर्ण. मी पाहिलेल्या अकरांपैकी नऊ जणांनी त्या नॉबला हातही लावला नव्हता.

नॉबची स्थिती घड्याळाच्या भाषेत सांगण्याची रीत आहे. त्यामुळे "आता ड्राइव्हचे बारा वाजले आहेत" हे वाक्य मी कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्याने म्हणू शकेपर्यंत माझ्या चेहऱ्याचेही वाजले होते. संकलन करताना कळले की कॅमेरा माझ्या समोरून लावल्यामुळे पाहणाऱ्याला पेडल उलटे दिसते, म्हणजे माझे बारा हे त्याचे सहा. चार नॉब आणि प्रत्येकाच्या पाच जागा धरल्या तर 625 जोड्या होतात. प्रत्येकीला दहा सेकंद दिले तरी जवळजवळ पावणेदोन तास. हा हिशेब मी कागदावर मांडला, आणि खरे सांगायचे तर तसे करण्याचा विचार एक संध्याकाळभर मनात होताही.

त्याहून मोठी अडचण माझ्या बोटांची. पेडल बंद असताना मी कारकुनासारखा वाजवतो आणि चालू होताच अंगात आल्यासारखा. मग फरक पेडलचा की अंगात आलेल्याचा? ह्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे बासचा कोरा आवाज एकदाच नोंदवून तोच पुन्हा पेडलमधून फिरवणे. त्यासाठी मध्ये रीअँप बॉक्स लागतो, कारण संगणकाला जोडलेल्या इंटरफेसमधून निघणारा जोरकस संकेत बासवरच्या, तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपच्या नाजूक संकेतासारखा नसतो. दुसरा उपाय म्हणजे पेडलच्या आधी लूपर, म्हणजे एकदा वाजवलेले पुन्हापुन्हा ऐकवणारे यंत्र, ठेवून आठ मात्रा त्याच्या हवाली करणे आणि आपण निवांतपणे नॉब फिरवणे. हा दुसरा उपाय मला फार आवडला, कारण लूपर माझ्यापेक्षा ताल बरा सांभाळतो.

परंतु दोन्ही उपाय सगळ्या पेडलांना चालत नाहीत. जुन्या धाटणीचा फझ, म्हणजे आवाज पार खरखरीत करणारे पेडल, थेट पिकअपला लोंबकळून असतो; मध्ये कोणी आले की त्याचा स्वभाव बदलतो. 'वाव-वाव' असा आवाज काढणारा एन्व्हलप फिल्टर तर बोटाच्या जोरावरच उघडतो आणि मिटतो, त्यामुळे हलके छेडून आणि जोरात छेडून, दोन्ही प्रकारे प्रत्यक्ष वाजवून दाखवावेच लागते. ऑक्टेव्ह पेडलची कथा ह्याहून करुण आहे. ते मूळ स्वराखाली एक सप्तक जोडते. जाड मोकळ्या तारेखालचे सप्तक म्हणजे सुमारे 20 हर्ट्झ, जिथे माणसाचे ऐकणे संपते. जुन्या पद्धतीची ॲनालॉग ऑक्टेव्ह पेडल तर तिथवर पोहोचण्याआधीच अडखळू लागतात. ती नेमकी कोणत्या पडद्यावर अडखळतात, हे बाराव्या पडद्यापासून एकेक पडदा खाली येत दाखवले की विकत घेणाऱ्याला हवे ते सगळे वीस सेकंदांत कळते. मी ते दाखवले. माझे पेडल सातव्या पडद्यानंतर गुळण्या करू लागले, आणि त्यातल्या काही गुळण्या माझ्या ढिल्या बोटांच्या होत्या, हे मी त्या वेळी सांगितले नाही.

ड्रम आणि गिटारच्या साथीसाठी एका मित्राला बोलावले. साथ आवश्यकच असते, कारण एकट्याने ऐकताना जो आवाज राजबिंडा वाटतो तोच साथीत बुडतो, आणि एकट्याने ऐकताना जो करवतीसारखा कर्कश वाटतो तो साथीत नेमका जागेवर बसतो. मित्राने आठ मात्रा वाजवण्याचे कबूल केले, पस्तीस वाजवल्या आणि जाण्यापूर्वी स्वतःचा आवाज वाढवून गेला. ओव्हरड्राइव्हच्या त्या चित्रफितीतून गिटारचे सामर्थ्य उत्तम रीतीने कळते.

आणि तरीही सर्वांत जास्त वेळ गेला तो साधे वाजवण्यात. प्रत्येक मात्रेवर एक मूळ स्वर, असे आठ स्वर, अलंकार न घालता. पेडल ऐकू यायचे तर एवढेच वाजवायला हवे, हे मला पूर्ण पटलेले होते. पण समोर लाल दिवा लागला की सहाव्या स्वरापाशी बोट आपोआप वर धावत असे, कारण कोणीतरी पाहते आहे आणि त्याला आपण कारकून वाटता कामा नये. एकेचाळीस वेळा वाजवल्यावर बेचाळिसाव्या वेळी आठही स्वर सरळ आले, ते केवळ थकव्यामुळे.

शेवटी जमलेली पहिली चित्रफीत कंप्रेसरची, म्हणजे हळू आणि जोरात वाजलेल्या स्वरांतले अंतर कमी करणाऱ्या पेडलची होती: तीन मिनिटे वीस सेकंदांची, नमनाशिवाय, साधे आठ स्वर, पातळी मीटरवर काटेकोर जुळवलेली. ती मी पुतण्याला दाखवली. त्याने मोबाइलवर शेवटपर्यंत शांतपणे ऐकली आणि विचारले, "काका, छान आहे, पण ह्यात बास कुठे आहे?" मी विजयी मुद्रेने माझे हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली. ह्या वेळी त्याची मान डोलू लागली. संपल्यावर त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "हां, बास आला. आता फक्त पेडल कधी सुरू होते तेवढे सांगा."