टाकी पडली, हे लिहायला हवं होतं

ठाणेकर, नमस्कार.

(तुम्ही प्रतिक्रियेखाली हेच नाव टाकलंय, म्हणून तेच वापरतो.) 1992 साली फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट अणुवीज केंद्रावर अँड्र्यू चक्रीवादळ आदळलं, त्यावरचा माझा लेख तुम्हाला वकिली वाटला. मी पडझड लपवली, थोडक्यात फुकुशिमा (जपानमधली 2011 ची अणुदुर्घटना) टळलं ते सांगितलं नाही, आणि वाशीत राहून खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राबद्दल अवाक्षर काढलं नाही, असं तुमचं म्हणणं. वर टोमणा, की त्यापेक्षा आमच्या घोडबंदर रोडच्या टॉवरचा तळघरातला जनरेटर बरा.

पडझडीचं तुमचं बरोबर आहे. ‘केंद्राला धक्काही लागला नाही’ हे माझं वाक्य चूक होतं, आज सकाळीच काढून टाकलं. अणुभट्ट्यांच्या इमारती शाबूत राहिल्या आणि किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, एवढंच लिहायला हवं होतं. बाकी आवाराची दैना झाली होती. उंचावरची पाण्याची टाकी कोसळली, ती नेमकी आग विझवायच्या पाण्याच्या यंत्रणेवर. बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. येण्याजाण्याचा रस्ता झाडं आणि ढिगाऱ्यांनी बंद. त्याच आवारातल्या, तेलावर चालणाऱ्या वीजसंचाचं सुमारे 400 फुटी धुराडं तडकलं, ते पुढे पाडावं लागलं. आणि बाहेरची वीज पाच दिवसांहून जास्त काळ गायब.

पण ‘थोडक्यात टळलं’ हे पटत नाही. वादळ पोचायच्या आत दोन्ही अणुभट्ट्या बंद करून झाल्या होत्या. अणुभट्टी बंद केली म्हणून चुलीसारखी विझत नाही. बंद केल्याक्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर येते. ऐकायला किरकोळ. टर्की पॉइंटची एकेक भट्टी सुमारे 2200 मेगावॉट उष्णतेची, म्हणजे दिवसानंतरही 11 मेगावॉट. तेवढ्यासाठी पंप चालत राहायला हवेत. ते पाच दिवस डिझेल जनरेटरांनी वीज दिली. फुकुशिमात भूकंपानंतर जनरेटर सुरू झाले होतेच. त्सुनामीचं पाणी शिरलं आणि बहुतेक बुडाले.

इथे मात्र तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देतो, तो तुम्ही मांडला नाहीत. अँड्र्यू पश्चिमेकडे सरकत होतं, त्यामुळे वाऱ्याने समुद्र जमिनीवर ढकलला तो वादळाच्या उत्तर अंगाला. तिथे पाणी जवळजवळ 17 फूट चढलं. केंद्र दक्षिण अंगाला होतं, वाऱ्याचा मार बसला पण पाणी फार चढलं नाही. ही तयारी नव्हे, नशीब. आपल्याकडे तामिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्रात 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीचं पाणी पंपहाऊसमध्ये शिरलं, चालू असलेली अणुभट्टी बंद करावी लागली. केंद्राची मुख्य इमारत उंचावर असल्याने तिथवर पाणी गेलं नाही. वाऱ्यापेक्षा मला पाण्याची धास्ती जास्त.

जनरेटरवर मी इतकं का बोलतो? नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. एका पावसाळी रात्री लाइट गेली. डीजीने (डिझेल जनरेटरने) नुसतं ‘खट्’ केलं आणि गप्प. टॉर्च मारून पाहिलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी, बोटाने खरवडली की भुकटी पडत होती. लॉगबुकात दर सोमवारी ‘डीजी टेस्ट ओके’, खाली सही. एक सही माझीही होती. मशीन चालू न करताच आम्ही ओके मारत होतो. तेव्हापासून ‘आमच्याकडे जनरेटर आहे’ असं कुणी सांगितलं की मी पहिलं विचारतो, लोडवर, म्हणजे खरोखरची यंत्रं जोडून, शेवटचा कधी चालवला?

ट्रॉम्बेचं थोडक्यात. तिथे अणुवीज केंद्र नाही, संशोधनाच्या अणुभट्ट्या आहेत; ध्रुव 100 मेगावॉट उष्णतेची, म्हणजे टर्की पॉइंटच्या एका भट्टीच्या विसाव्या हिश्शाहून कमी. म्हणून प्रश्न विचारू नयेत असं नाही. पण वादळ आणि अणुवीज यांचा आपल्या भागापुरता विचार करायचा तर बघायचं तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे. ते 1969 पासून समुद्राकाठी आहे, आणि 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तुमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्यावर लिहायचंय, पण आधी नीट वाचून. एकदा घाई केली ती पुरे.

आता तुमचा टोमणा. तळघरातला जनरेटर? 26 जुलै 2005 ला तुम्ही ठाण्यात असाल तर त्या दिवशी तळघरांचं काय झालं ते मी सांगायला नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा: तळघरातलं पाणी उपसायचा पंप कुठे आहे, आणि तो कोणाच्या विजेवर चालतो? आमच्या इथे तो त्याच जनरेटरवर चालायचा, आणि दोघेही शेजारी शेजारी तळघरातच होते.