तिकीट बरोबर होतं

"यावलकडे टोळी फिरतेय भो. एक बाई, दोन झोळीवाले. पोरं उचलतात नि नेपाळला नेऊन विकतात." पक्याने मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. "सात ग्रुपवर टाकलं मी. लोक सावध व्हायला नको?"

पक्याचं मोबाईलचं दुकान आहे. पुरावा मागितला की त्याचा आवाज चढतो आणि आवाज चढला की त्याला वाटतं पुरावा दिला.

मनीषाताई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. भुसावळ स्टेशनवरच्या मुलांच्या मदत कक्षात असते ती. दिवसभर प्लॅटफॉर्म तुडवून आलेली, चपला काढून कट्ट्यावर पाय वर घेऊन बसली.

"पक्या, गंगा उलटी वाहतेय तुझी. पोरं तिकडून इकडे येतात. आणि झोळीवाला नाही आणत. गावातलाच कुणी मामा आणतो, मावशी आणते. नवे कपडे घालून, तिकीट काढून."

"पण झोळीवाले संशयास्पद दिसले तर...?"

"राईनपाडा विसरलास?"

कट्टा गप्प झाला. खानदेशात हे नाव काढलं की अजून लोक खाली बघतात. धुळे जिल्ह्यातलं गाव. 1 जुलै 2018, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. असाच मेसेज फिरला होता, पोरं पळवणाऱ्यांचा.

पक्या हार मानणारा नाही. "बरं, ते सोड. आपल्याच स्टेशनवर दानापूर-पुणे गाडीतून पोरं उतरवली ना मे 2023ला? भुसावळ-मनमाड मिळून 59!"

"उतरवली. बिहारच्या अररियाची पोरं, सांगलीकडे मदरशात शिकायला चाललेली. बारा दिवस बालगृहात राहिली, तिकडे आईबाप हवालदिल. सोबतचे पाच जण चार आठवडे तुरुंगात. पुढच्या वर्षी पोलिसांनीच केस बंद केली, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून. ही बातमी तू कुठल्या ग्रुपवर टाकलीस?"

"म्हणजे उतरवायचंच नाही का कुणाला?"

"थांबवायचं, विचारायचं. पण दाढीकडे बघून नाही, पोराकडे बघून."

हे ताई इतक्या हळू बोलली की चहावाल्याने स्टोव्हची हवा कमी केली.

पक्याला विषय बदलायचा होता. त्याने हुकमी पान काढलं. "विचारायचं काम अप्पांचं होतं. तीस वर्षं टीसी. काय केलं? मला धरलं! कॉलेजात असताना, जळगाव पॅसेंजरमध्ये, अख्ख्या डब्यासमोर. त्या डब्यात कोण बसली होती माहितीय ना?"

कोण बसली होती हे आम्हाला पाठ आहे. तिचं लग्न चोपड्याला झालं, दोन मुलं आहेत आणि पक्या दर महिन्याला एकदा तरी त्याचा हिशेब अप्पांकडे मागतो. अप्पा एरवी म्हणतात, "लेका, मी तिला वाचवलं." त्या दिवशी नाही म्हणाले. ग्लास खाली ठेवला.

"कुर्ल्याची गाडी होती. खंडवा सुटलं होतं. स्लीपरला एक पोरगी, तेरा-चौदाची. नवी लाल साडी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. हातात केळं, सोलून धरलेलं, खात नव्हती. खिडकीबाहेर बघत होती सारखी. सोबतचा माणूस म्हणाला, भतीजी है. दोघांची तिकिटं पुरी. मी चार्टवर खूण केली. तर पोरगी मला विचारते, बंबई में स्टेशन से समुंदर दिखता है क्या? मी म्हटलं, नहीं दिखता. आणि पुढच्या बर्थवर गेलो."

"तिकीट बरोबर होतं ना पण," पक्या म्हणाला. त्याला खरंच अप्पांची बाजू घ्यायची होती.

"हो. तुझं नव्हतं म्हणून तुला धरलं. तिचं होतं म्हणून तिला सोडलं."

मी न राहवून विचारलं, "अप्पा, ती भतीजी असेलही की." अप्पांनी मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही.

"साल कोणतं?" ताईने विचारलं.

"95 असेल. पाऊस होता."

ताईला पुढचं सगळं माहीत होतं, मलाही थोडंफार. फेब्रुवारी 1996मध्ये मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, पोलिसांनी कामाठीपुऱ्यात छापे घातले. चारशेवर मुली निघाल्या, त्यातल्या दोनशेवर नेपाळच्या. सुटका झाली असं पेपरांत आलं. पण त्या सुटून गेल्या कुठे? सरकारी सुधारगृहात. ह्या आमच्याच कशावरून, म्हणून नेपाळ सरकारने हात आखडले. जुलै उजाडला तेव्हा तिथल्या संस्था पुढे झाल्या आणि 128 जणी काठमांडूला पोचल्या. त्यांच्यातल्याच काहींनी शक्ती समूह काढला. चारीमाया तामाङ त्यातली. तिने गावी परतून, ज्यांनी विकलं त्यांच्यावरच केस घातली आणि त्यांना शिक्षा झाली. 2013ला या संस्थेला मॅगसेसे मिळालं.

"मग सीमा बंद करून टाका!" पक्याला जोर आला. "एक माणूस येता कामा नये."

"साडेसतराशे किलोमीटर आहे. 1950चा करार आहे, व्हिसा लागत नाही. रोज हजारो माणसं पोटासाठी ये-जा करतात, त्यांना कुठे अडवणार? आणि बांगलादेशच्या सीमेवर तारा आहेत की, तरी मुली येतातच. उलट परत पाठवताना तारा आडव्या येतात. घर शोधा, नागरिकत्व तपासा, तोवर पोरगी इथल्या वसतिगृहात महिने काढते, कधी वर्षं."

मग ताईने माइती नेपाळ या तिकडच्या संस्थेच्या बायकांचं सांगितलं. सीमेच्या नाक्यावर उभ्या असतात त्या, त्यातल्या काही स्वतः विकल्या गेलेल्या. माणूस आणि मुलगी दिसली की दोघांना वेगळं करतात. नवरा म्हणतेस, मग सासूचं नाव काय? कुठल्या गावात काम, मालक कोण? मुलगी अडखळली की पुढे जाऊ देत नाहीत.

"मीसुद्धा तेच विचारते," ताई म्हणाली. "मुलं पाठ केलेलं सांगतात. पण घरी कुत्रं आहे का विचारलं की खरं बोलतात."

"पण अप्पांची पोरगी राजीखुशीने चालली होती ना?" पक्या.

"राजीखुशी कायदा धरतच नाही. आधी दंड संहितेचं 370 कलम होतं, आता न्याय संहितेचं 143. फसवून किंवा पैसे चारून शोषणासाठी नेलं तर तिच्या होकाराला अर्थ नाही."

मला लहानपणची सर्कस आठवली. गावाबाहेरच्या मैदानात तंबू, वर झुल्यावर गोऱ्या, चपट्या नाकाच्या पोरी, आमच्याच वयाच्या. आम्ही त्यांना चिनी म्हणायचो. बापाला उचल देऊन दहा-दहा वर्षांच्या करारावर नेपाळातून मुली आणत, हे मला फार उशिरा कळलं. सुप्रीम कोर्टाने मुलांना सर्कशीत ठेवायला मनाई केली ती एप्रिल 2011ला. तोवर आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हे मी बोललो, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.

गाडीची अनाउन्समेंट झाली. गोरखपूरहून येणारी, कुर्ल्याला जाणारी. ताईने चपला शोधल्या.

"ड्यूटी संपली ना तुझी?" मी म्हटलं.

"दहा मिनिटं थांबते गाडी. बघून येते." जाता जाता पक्याकडे वळली. "ते यावलचं पुसून टाक. त्याजागी मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर टाक, 1098."

"आता सात ग्रुपवर जाऊन पुसू?"

अप्पांनी खिशावर हात मारला, पावती-पुस्तक काढावं तसा. "विदाउट पुरावा सात फेऱ्या. दंड भर. माणशी एक चहा, सात दिवस."

"अप्पा, तुम्ही माझ्या जन्माला पुरलात!"

सगळे खो-खो हसले, पक्या सर्वांत मोठ्याने. त्याने चहा सांगितले, मोबाईल काढला आणि एकेक ग्रुप उघडून पुसत बसला. अप्पा मात्र उठले. गुडघा दुखतो म्हणून हल्ली जिना चढत नाहीत. त्या दिवशी ताईच्या मागोमाग पुलाकडे चालत गेले.