प्लॅटिनम गुणिले दहा लाख

सकाळी उठून फोन उघडला आणि डोकं फिरलं.

माझ्याच यादीतल्या एका भल्या मुलाने तक्ता टाकलाय. रंगीत, चौकटीबिकटी आखून. डावीकडे अल्बमची मुखपृष्ठं, उजवीकडे ‘अमेरिकेतली खरी विक्री’. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द वॉल’ 2 कोटी 30 लाख, ‘द डार्क साइड ऑफ द मून’ 1 कोटी 50 लाख. कुठला अल्बम जास्त खपला या भांडणावर खाली ठळक अक्षरात, ‘वाद संपला.’ त्यावर बदामांचा पाऊस, आणि बदाम देणाऱ्यांत तुमच्यापैकी निदान दहा जण. नावं घेत नाही, पण बघून ठेवलीत.

वाद संपला म्हणे! अरे, सुरू तरी कुठे झालाय?

हिशेब कसा केलाय ते उघडच आहे. ‘द वॉल’ला 23 वेळा प्लॅटिनम, ‘डार्क साइड’ला 15 वेळा. प्लॅटिनम म्हणजे अल्बमच्या खपाबद्दल मिळणारं प्रमाणपत्र, आणि अमेरिकेत एक प्लॅटिनम म्हणजे 10 लाख प्रती. गुणाकार केला आणि मोकळा झाला. पण ‘द वॉल’ दोन तबकड्यांचा अल्बम आहे रे बाबा! प्लॅटिनम देणारी तिथली संस्था, आरआयएए, अशा दुहेरी अल्बमची प्रत्येक तबकडी वेगळी धरते. गिऱ्हाईक एक, खरेदी एक, वहीत मात्र दोन. (यात लांबीच्या अटीबिटी आहेत, त्यात शिरत नाही.) म्हणजे 23 प्लॅटिनमचे संच झाले 1 कोटी 15 लाख. तक्त्यातला पहिला नंबर एका भागाकारात दुसरा झाला. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमचे (तोही दुहेरीच) 24 प्लॅटिनम कुणी तोंडावर फेकले तर तेही आधी अर्धे करून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय लावून घेतोस. लावून घेतो, कारण हा गाढवपणा मी स्वतः करून बसलोय.

कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता हे जुन्या मित्रांना माहीत आहे. आम्ही एक कॅसेट काढली होती. 300 प्रती. एका वितरकाने सगळ्या घ्यायची तयारी दाखवली आणि आम्ही तीन खोकी त्याच्या गोदामात स्वतःच्या हाताने नेऊन रचली. त्या संध्याकाळी भेटेल त्याला सांगत सुटलो, ‘तीनशेच्या तीनशे गेल्या!’ आमच्या ड्रमरने तर एका कॅसेटवर सोनेरी स्प्रे मारला, ती काचेच्या फ्रेममध्ये बसवली आणि खाली मार्करने लिहिलं, ‘सुवर्ण विक्री’. अक्षर भयंकर, पण अभिमान खरा.

आठ महिन्यांनी खोकी परत आली. 203. काहींवर दुकानदाराने लावलेली किमतीची पट्टी अर्धवट सोललेली, काहींच्या डब्यांची झाकणं बिजागरीतून निखळलेली, एकीच्या आतल्या कार्डावर कुणीतरी पेन चालतंय का बघायला गोल गोल गिरगोटे मारलेले. आम्ही चौघं फरशीवर बसून मोजत होतो आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

‘गेल्या’ आणि ‘खपल्या’ या दोन शब्दांत 203 कॅसेटी मावतात, हे मी तेव्हा शिकलो.

आणि प्लॅटिनमवाले काय मोजत आलेत? ‘गेल्या’! तबकडी असो, कॅसेट असो, सीडी असो, कंपनीने दुकानांकडे रवाना केलेला माल. गिऱ्हाइकाने खिशात हात घातला का, हा प्रश्नच वेगळा. किस या बँडच्या चौघांनी 18 सप्टेंबर 1978 ला, एकाच दिवशी, चार वेगवेगळे अल्बम काढले होते. कंपनीने प्रत्येकाच्या 10 लाखांच्या आसपास प्रती दुकानांत लोटल्या. चारही प्लॅटिनम! नंतर त्यांचे ढीग पडून राहिले, परत आले, कवडीमोलाने फुंकले गेले. ‘प्लॅटिनम पाठवलं, डबल प्लॅटिनम परत आलं’ ही त्या धंद्यातली थट्टा अशाच मालावरून चालते. तुमचा तक्ता ते चार अल्बमसुद्धा ‘खरी विक्री 40 लाख’ म्हणून छापेल. बिनधास्त छापेल.

हो, माहितीये. नियमात परत आलेला माल वजा करायचा असतो, बाहेरचा ऑडिटर कागद तपासतो. मान्य. पण माल कधी परत येतो आणि अर्ज कधी जातो, हे कॅलेंडर कुणाच्या हातात असतं? आमची सोनेरी फ्रेम भिंतीवर लागली तेव्हा एकही डबा परत आलेला नव्हता. त्या दिवशी आमचा ऑडिट केला असता तर आम्हीही पासच झालो असतो.

आणि अर्ज! हे तर कुणी बोलतच नाही. प्लॅटिनम आपोआप मिळत नाही. कंपनीने मागायचं, ऑडिटचे पैसे भरायचे, मग मिळतं. न मागितलं तर आकडा जिथल्या तिथे. ‘डार्क साइड’चे ते 15 प्लॅटिनम जून 1998 चे आहेत. 1998! नोकियाच्या फोनवर साप खेळायचे दिवस ते. त्यानंतर त्या अल्बमच्या किती आवृत्त्या आल्या, किती पोरांनी वडिलांच्या कपाटात हात घालून त्याचा नाद लावून घेतला आणि स्वतःची प्रत घेतली, त्यातलं काहीही त्या 15 मध्ये नाही. तो जुना फोटो आहे. त्याच्याशेजारी दुसऱ्याचा ताजा फोटो ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, हा किती तरुण दिसतो!

ताजा फोटो कसा असतो ते ईगल्स या अमेरिकन बँडकडे बघा. त्यांचा 1971 ते 75 च्या गाण्यांचा संग्रह 2006 साली 29 प्लॅटिनमवर होता. ऑगस्ट 2018 मध्ये नवी मोजणी झाली आणि एका झटक्यात 38. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ 33 वर बसला होता, त्याला ओलांडून हे वर. लोक म्हणाले, अचानक काय झालं? अचानक काहीच झालं नव्हतं. बारा वर्षं कुणी मोजायला बसलं नव्हतं, आणि मधल्या काळात मोजपट्टीही बदलली होती. 1 फेब्रुवारी 2016 पासून आरआयएए स्ट्रीमिंगसुद्धा अल्बमच्या खात्यात धरते. 1500 वेळा गाणी वाजली की एक अल्बम, सुटी 10 गाणी विकली तरी एक अल्बम. म्हणजे आता ‘गेल्या’ आणि ‘खपल्या’च्या जोडीला ‘वाजल्या’ पण आलं. बरं बाबा, ऐकणं हेही ऐकणंच, त्याला नाकं मुरडणार नाही. पण मग त्या आकड्याला ‘प्रती’ म्हणू नका ना!

जुन्या अल्बमांची तर आणखी वेगळी तऱ्हा. ‘डार्क साइड’ आला 1973 मध्ये, लगेच गोल्ड झाला, म्हणजे प्लॅटिनमच्या खालची पायरी. तेव्हाचं गोल्ड प्रतींवर नव्हतंच, 10 लाख डॉलरच्या घाऊक विक्रीवर होतं. 5 लाख प्रतींची अट नंतर आली. आणि प्लॅटिनम हा प्रकारच जन्मला 1976 साली. एकाहून जास्त प्लॅटिनम मोजायची पद्धत 1984 ची. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या रॉकची अर्धी प्रगतिपुस्तकं वर्ग सुटल्यावर भरलेली आहेत.

तक्त्याचा दुसरा भाग मी दुपारी बघितला, आणि तो बघून तर हसूच आलं. त्याने कॅनडाचं प्लॅटिनमही 10 लाखांनीच गुणलंय. कॅनडात प्लॅटिनम 1 लाखाचं होतं, 2008 नंतर 80 हजारांचं झालं. ब्रिटनमध्ये 3 लाखांचं, तिथलं सिल्व्हर, म्हणजे गोल्डच्याही खालची पायरी, 60 हजारांचं. जर्मनीत तर गोल्डची रेघ टप्प्याटप्प्याने खाली आलीये. त्यामुळे नुसता शब्द वाचून चालत नाही. कुठल्या देशाचं, आणि अल्बम कुठल्या साली आलेला, हे दोन्ही बघावं लागतं. ब्रिटनवाले 2013 पासून जरा शहाणे झालेत. तिथे विक्रीचा आकडा रेघ ओलांडतो आणि पुरस्कार आपोआप लागतो, अर्जाची भानगड नाही. पण त्याआधीचं सगळं तिथेही कंपनीच्या मर्जीवर.

मग खरं कळायला काही मार्गच नाही का? आहे की. थोडा आहे. 1991 पासून अमेरिकेत दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचून मोजणी सुरू झाली, साउंडस्कॅन म्हणायचे तिला. त्याआधी खपाच्या याद्या छापणाऱ्या ‘बिलबोर्ड’ मासिकवाले दुकानांना फोन करून विचारायचे की काय खपतंय, आणि समोरचा जे सांगेल ते लिहून घ्यायचे! मेटॅलिका या बँडचा काळा अल्बम नेमका ऑगस्ट 1991 चा, म्हणजे त्याचं अख्खं आयुष्य बारकोडखाली गेलं. त्याला 16 वं प्लॅटिनम मिळालं डिसेंबर 2012 मध्ये. आणि गल्ल्यावरची मोजणी 1 कोटी 60 लाखांवर पोचली 2014 मध्ये. फरक फार नाही, दीडेक वर्षाचा. मधला माल वाटेत, फळीवर, किंवा टपालाने तबकड्या पाठवणाऱ्या क्लबांतून गेलेला. क्लबांची विक्री बारकोडला दिसायचीच नाही, प्लॅटिनमला दिसायची. म्हणजे प्लॅटिनम अगदीच थापा नाही. (हे वाक्य लिहिताना बोटं दुखली.) सतत खपणाऱ्या अल्बमचं प्लॅटिनम खऱ्याच्या जवळ जातं. बोंब होते ती एकदम फुगवून सोडलेल्या अल्बमांची, आणि पंचवीस-पंचवीस वर्षं कुणी हात न लावलेल्यांची.

जगभराच्या आकड्यांबद्दल तर बोलूच नका. एसी/डीसी या बँडच्या ‘बॅक इन ब्लॅक’चे 5 कोटी सगळीकडे छापलेले असतात. 2019 साली अमेरिकेत त्याचे 25 प्लॅटिनम होते, म्हणजे निम्मे तिथेच झाले. बाकी देशांची प्रमाणपत्रं एकावर एक रचली तरी उरलेल्या निम्म्याच्या जवळपासही पोचत नाहीत. कित्येक देशांत तेव्हा असे पुरस्कारच नव्हते, चोरटी छपाई धोधो चालायची, हेही खरं. म्हणून मग कुणीतरी गोल आकडा ठोकून देतो आणि पुढची पन्नास वर्षं सगळे तोच उचलतात. आम्हीसुद्धा बँडच्या पत्रकावर ‘हजारो श्रोते’ लिहिलं होतं. आम्हा चौघांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही.

...इथपर्यंत लिहून झालं आणि त्या मुलाचा मेसेज आला. मी खाली कमेंट टाकली होती, जरा तिखट. त्याने लिहिलंय, ‘दादा, चुकलं असेल. मग खरा आकडा तू सांग ना, मी दुरुस्त करतो.’

आता काय बोलणार. इतका सरळ प्रश्न. चिडायलाही जागा ठेवली नाही पोराने.

त्याला लिहिलं की ‘डार्क साइड’पुढे लिही, ‘निदान 1 कोटी 50 लाख, 1998 पर्यंतचे’. ‘द वॉल’पुढे लिही, ‘निदान 1 कोटी 15 लाख संच’. ‘निदान’ हा शब्द काढू नकोस. आणि कॅनडाची रांग पुसून टाक. तो म्हणाला, ‘निदान लिहिलं तर तक्ता चांगला दिसत नाही.’ खरंय त्याचं. आमच्या फ्रेमखाली ‘निदान 97’ लिहिलं असतं तर ड्रमरने ती भिंतीवर लावलीच नसती.

त्या 97 चंही सांगून टाकतो. त्यातल्या बऱ्याचशा आमच्याच आयांनी, मावश्यांनी आणि एका मामाने दुकानात जाऊन, ओळख न दाखवता घेतल्या होत्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आणि परत आलेल्या 203 डब्यांत एक रिकामा होता. कार्ड जागच्या जागी, किमतीची पट्टी जागच्या जागी, कॅसेट गायब. दुकानात उभं राहून कुणीतरी हळूच डबा उघडून ती काढून नेली होती. वितरकाने तो डबा ‘परत’मध्ये धरला. ड्रमर म्हणाला, हा ‘विक्री’त धरा. त्यावरून आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी कुणाच्या बाजूने होतो ते त्यालाच विचारा, तो खाली कमेंटमध्ये येईलच.