अण्णांचं घड्याळ

रविवारची सकाळ, बडोद्याच्या दांडिया बाजारातला आपला कट्टा, आणि विषय अर्थातच ते बारा तासांचं, म्हणजे कारखान्यात दिवसाला बारा तासांपर्यंत काम करून घ्यायला सरकारने दिलेल्या मुभेचं. आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच राहणार ना, मग बिघडलं कुठे, हे अण्णांचं म्हणणं. अण्णा बँकेतून रिटायर, जन्मभर दहा ते पाच, आणि पहाटे साडेचारला उठतात हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की कमाटीबागेतले मोरसुद्धा कंटाळले असतील.

"शरीराला सवय लावावी लागते रे. सगळं मनावर असतं."

नंदू नाइट करून थेट आलेला, डोळे लाल, पाव सेवउसळीत बुडवून तसाच धरलेला. "एकवीस वर्षं लावतोय अण्णा. लागत आली की पाळी बदलते."

त्यात नंदूच्या कारखान्यात आता पाळी उलटी फिरवायला लागलेत, नाइट, मग सेकंड, मग फर्स्ट. मिलिंद झूलॉजी शिकवतो, तो सुरूच झाला, की माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून जरा लांबच चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं, म्हणून फर्स्ट-सेकंड-नाइट हाच क्रम त्यातल्या त्यात बरा. मेंदूत वीसेक हजार पेशी उजेड बघून वेळ लावतात, पण लिव्हर आणि स्वादुपिंड जेवणाच्या वेळा बघतात. "तू रात्री दोनला डबा उघडलास की मेंदू म्हणतो रात्र, लिव्हर म्हणतं दुपार."

"आणि बायको म्हणते शुगर तपासा."

2017 चं नोबेल याच घड्याळाला, फळमाश्यांवर काम करून मिळालेलं, हेही मिलिंदने सांगितलं. नंदू म्हणाला, "बघा, माशी कधी झोपते त्यासाठी नोबेल, आणि मी कधी झोपतो ते विचारलं तर एचआर म्हणतं मेल टाका."

अण्णा कसले ऐकतात. "सयाजीरावांच्या राज्यात पहारेकरी रात्ररात्र जागायचे, कुणी तक्रार केली का?"

"दिवसा त्यांच्या खिडकीखाली भंगार-पस्तीवाला भोंगा लावून फिरायचा का?"

मग नंदूने लॉगबुकाचं सांगितलं. अकराला अक्षर शाळेतल्यासारखं, पहाटे चारच्या रीडिंगला तेच अक्षर ओळ सोडून खाली घरंगळत जातं, आणि सकाळी आपलं आपल्यालाच लागत नाही. मिलिंद म्हणाला अंगाचं तापमान साधारण त्याच सुमारास सगळ्यात खाली असतं. आणि 2007 मध्येच रातपाळी बहुधा कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत गेलीय.

"तंबाखू मळत कॅन्सरच्या गप्पा!" अण्णा. (हे मात्र बरोबर होतं, नंदूने हात खाली घेतला.) त्यावर चढून अण्णा म्हणाले, "सात नाइट मी हसत काढून दाखवीन."

"कोजागिरीसारख्या?"

सगळे गप्प. दूध आटवायला अण्णांना बसवलेलं. नंदू सेकंड सुटून साडेअकराला पोचला तर पातेलं करपलेलं, केशर त्याच्या पैशाचं, आणि राखणदार खुर्चीत घोरतोय.

"अरे साडेनऊ ही माझी झोपेची वेळ आहे," अण्णा तडकले, "शरीराचं काही घड्याळ असतं की नाही!"

नंदूला असा ठसका लागला की तर्री नाकात गेली, पाणी कोण, रुमाल कोण, आणि त्या गोंधळात उसळीचे पैसे कुणी दिले हे अजून ठरलेलं नाही. अण्णा म्हणतात त्यांनीच.