तेलाचा थर आहे, मग नायट्रोजन कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सावर वॉटर म्हणजे रिफायनरीतलं, हायड्रोजन सल्फाइड नि अमोनिया विरघळलेलं पाणी. त्याच्या टाकीसाठी मूळ लेखात पाण्यावरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन नि बाहेर पडणारा वायू धुणारा स्क्रबर सुचवला होता. तुमचा आक्षेप असा : टाकीत वर अर्धा मीटर डिझेल ठेवलं आणि ब्रीदर व्हॉल्व्हला (टाकीचा श्वास आत-बाहेर करणारा व्हॉल्व्ह) कार्बनचा ड्रम जोडला की वास थांबतो, नायट्रोजन नि स्क्रबर हा फुकटचा खर्च; शिवाय लेखात अमोनियाचा उल्लेखच नाही.

थर उपयोगाचा आहेच, पण शांत पाण्यावर. फ्लॅश ड्रमची (टाकीआधी पाण्यातला गॅस वेगळा करणारं भांडं) पाण्याची लेव्हल गेली आणि पाण्याबरोबर गॅसच टाकीत घुसला, तर बुडबुडे डिझेल फोडून वर येतात. शिवाय हायड्रोजन सल्फाइड डिझेलमध्येही विरघळतो. मग थरच तो सोडायला लागतो.

आता हिशोब. तासाला ५० घनमीटर पाणी आत आलं की तेवढीच वाफ (पाण्यावरच्या जागेतला वायू) बाहेर ढकलली जाते. तिच्यात १ टक्का हायड्रोजन सल्फाइड धरला तरी तासाला सुमारे ०.७ किलो. स्क्रबरमध्ये तो पुरता सोडियम सल्फाइड व्हायला १.६ किलो कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं द्रावण १६ किलो. ड्रमभर कार्बन याला किती दिवस पुरणार? त्यात हवा शिरली की सल्फाइडचं ऑक्सिडेशन होऊन कार्बन तापतो, कधी पेटतोही.

नायट्रोजन वासासाठी नसतोच, तो हवा आत येऊ नये म्हणून. छपराच्या आतल्या गंजाचं आयर्न सल्फाइड होतं. ते कोरडं पडून हवा लागली की ठिणगीशिवाय पेट घेतं. पंपाने पाणी उपसताना टाकी हवा ओढते, पण त्याहून फसवी वेळ म्हणजे मुंबईतल्या माहुलसारख्या ठिकाणी उन्हाने तापलेल्या छपरावर पडणारी पहिली सर. आतली वाफ झपाट्याने आकसते. नायट्रोजनचा रेग्युलेटर उपसा आणि हे आकसणं, दोन्हींची बेरीज धरून निवडावा. निव्वळ पंपाच्या क्षमतेवर निवडलेला इथेच कमी पडतो.

अमोनियाबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात, मूळ लेखात तो राहिला. कॉस्टिक त्याला धरत नाही. पुढे पाण्याचा किंवा सौम्य आम्लाचा वॉश हवा. आणि व्हेंट लाइन थंड पडली की अमोनिया नि हायड्रोजन सल्फाइड मिळून पांढरे क्षार धरतात, आधी फ्लेम अरेस्टरच्या (बाहेरची ज्वाला टाकीत शिरू न देणारा) जाळीत. म्हणून स्टीम ट्रेसिंग (लाइन गरम ठेवणारी वाफेची नळी) अरेस्टरच्या बॉडीपर्यंत न्यावं, अलीकडे थांबवू नये. अरेस्टरच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक रोज लिहून ठेवला तर चोंदणं आधी कळतं.

राहिलं तुमचं ‘वास थांबतो’. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाक बधिर होतं, आणि तीच पातळी जिवाला तातडीचा धोका मानतात. गेज हॅचवर (छपरावरचं पातळी मोजायचं झाकण) जाणाऱ्याच्या छातीवर या वायूचा मीटर हवाच, थर असो वा नसो.